घरच्या कॉम्प्युटरसाठी मोफत असेंबलर : कोणता घ्यावा?

नालवाडीत घरच्याच कॉम्प्युटरवर ८०८६चे प्रोग्रॅम लिहायचेत? असेंबलरला पैसे मोजू नका. १९९६मध्ये आलेला नॅसम मोफत, ओपन सोर्स आणि आटोपशीर आहे. विंडोज, लिनक्स दोन्हींवर चालतो. मासम व्हिज्युअल स्टुडिओसोबत मिळतो, पण डाउनलोड काही जीबींचे. नेट पॅक त्यातच संपायचा!

खरी मेख वेगळीच आहे. पाठ्यपुस्तकांतली बरीच उदाहरणे मासमची असतात. ‘नम’ हे व्हेरिएबल असेल, तर मासममध्ये ‘मूव्ह एएक्स, नम’ लिहिल्यावर त्याची किंमत मिळते. नॅसममध्ये मेमरीतला पत्ता. एरर येत नाही, उत्तर मात्र चुकते. म्हणून नॅसममध्ये ‘नम’ चौकोनी कंसात लिहा.

६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. त्यासाठी डॉसबॉक्स टाका, तोही मोफतच.