आयात शुल्क भरतं कोण?

आयात शुल्क (परदेशी माल देशात येताना लागणारा कर) परदेशी कंपनी भरते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो आपलाच आयातदार बंदरावर भरतो आणि बहुतेकदा किमतीत मिळवतो. पूर्वी नाक्यावर भरलेली जकात दुकानदार गिऱ्हाइकाकडूनच वसूल करी, तसं. परदेशी कंपनीला झळ बसते ती विक्री घटल्याची. मग ती काय करते? बेलवलीकरांना उत्तर शेजारच्या अंबरनाथमध्येच सापडेल. १९२२ मध्ये सरकारने परदेशी काडेपेट्यांवर ग्रोसमागे (१४४ पेट्या) दीड रुपया शुल्क लावलं, तेही मुख्यतः तिजोरीसाठी. मग इथे काडेपेट्या विकणाऱ्या स्वीडिश कंपनीने १९२३ मध्ये ‘विमको’ स्थापून अंबरनाथला कारखानाच काढला. इथे रोजगार आला. पण गंमत अशी, की आयात घटल्याने सरकारचं शुल्काचं उत्पन्नच आटलं.