परदेशी शिकायला जाताना (भाग 6) : पहिल्या आठवड्याचे यजमान

किहीमच्या ज्या घरातून मूल परदेशी शिकायला निघते, तिथे विमानाचे तिकीट काढण्याआधी गणपतीची तारीख बघतात. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठे ऑगस्टच्या उत्तरार्धात उघडतात, ब्रिटनमधली साधारण महिनाभर मागून. 2025 साली गणपती 27 ऑगस्टला आले. ब्रिटनला निघालेल्यांना गौरीविसर्जन उरकूनही निवांत निघता आले. अमेरिकेची मुले मात्र तोवर तिकडे पोचली होती. 2023 साली चतुर्थी 19 सप्टेंबरला होती, तेव्हा ब्रिटनवाल्यांचीही ओढाताण झाली. म्हणून पालक विचारतात, "पहिल्या आठवड्यात अभ्यास तर काही नसतो. आठ दिवस उशिरा गेला तर नाही का चालणार?"

अभ्यास नसतो हे खरेच. पण त्या आठवड्यात काय चालते आणि ते कोण चालवते, हे कळल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. कारण ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत नव्या विद्यार्थ्याचे यजमान वेगळे आहेत.

ब्रिटनच्या 'फ्रेशर्स वीक'ची मुख्य यजमान असते स्टुडंट्स युनियन, म्हणजे विद्यार्थ्यांनी निवडून दिलेल्या विद्यार्थ्यांची संघटना. विद्यापीठ नोंदणी करून घेते, ओळखपत्र देते, विभागात एखादे व्याख्यान ठेवते. बाकीचा आठवडा युनियनचा. मोठ्या सभागृहात फ्रेशर्स फेअर भरते. क्रिकेटपासून वादविवादापर्यंत शेकडो सोसायट्यांची टेबले मांडलेली असतात आणि जो थांबून विचारतो, त्याचे नाव लिहून घेतले जाते. न थांबता पुढे गेलेल्याला सहसा कुणी अडवत नाही. अठरा पूर्ण झालेला माणूस तिथे प्रौढ मानला जातो, त्याला बारमध्ये बिअर मिळते आणि आठवड्यातल्या कितीतरी संध्याकाळी बारभोवतीच फिरतात. दारू न पिणाऱ्यांसाठी बऱ्याच युनियन आता वेगळे कार्यक्रम ठेवतात, आपल्या मुलांनी ते यादीतून शोधून काढावेत. शिवाय विद्यार्थ्याने विषय घेऊनच प्रवेश घेतलेला असतो, त्यामुळे कोणता अभ्यासक्रम निवडू, यावर सल्ला देत बसण्याची विद्यापीठाला फारशी गरज उरत नाही.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाची रीत मला फार आवडते. तिथे वरच्या वर्गातले विद्यार्थी नव्या मुलांना 'दत्तक' घेतात. आई वेगळी, वडील वेगळे, त्यांच्यामुळे भावंडेही मिळतात. जुन्या काळी मूल या पालकांना पौंडभर मनुके द्यायचे आणि त्याची लॅटिनमध्ये लिहिलेली पावती घ्यायचे. आता या 'रेझिन वीकएंड'चा शेवट सोमवारी दाढीचा फेस एकमेकांना फासून होतो. ज्याचे कुणी ओळखीचे नाही, त्यालाही या रीतीने एक घर मिळू शकते. हाक मारायला निदान दोन माणसे मिळतात.

अमेरिकेत यजमान असते खुद्द विद्यापीठ, म्हणजे त्याचे पगारी कर्मचारी असलेले कार्यालय. तिथले 'ओरिएंटेशन' कार्यक्रमपत्रिकेनुसार, हजेरी घेत चालते. बारावीनंतर गेलेल्या मुलाचा मुख्य विषय अनेकदा ठरलेला नसतो. त्यामुळे सल्लागारासमोर बसून पहिल्या सत्राचे विषय निवडणे हा याच दिवसांतला मोठा भाग. होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर वरच्या वर्गातला एक विद्यार्थी विद्यापीठाने नेमलेला असतो. सामान लावायला आई-बाबा येतात, त्यांच्यासाठी वेगळी सत्रे असतात. दारूसाठी वयाची अट एकवीस, 1984 च्या केंद्रीय कायद्याच्या दबावाने ती सगळ्या राज्यांत आली, म्हणून अधिकृत कार्यक्रमांत नव्या मुलांसाठी दारू नसते. 1990 च्या क्लेरी कायद्याने आवारातल्या गुन्ह्यांची आकडेवारी जाहीर करणे विद्यापीठांना बंधनकारक झाले. सुरक्षितता, लैंगिक छळ, दारू यांवरची सक्तीची सत्रे ऐकताना मुले कंटाळतात. ती वगळता मात्र येत नाहीत.

या काळजीमागे इतिहास आहे. 1970 च्या मे महिन्यात साउथ कॅरोलिना विद्यापीठात विद्यार्थ्यांचा दंगा झाला. विद्यार्थी आणि संस्था यांच्यात विश्वास कसा निर्माण होईल, या विचारातून 1972 साली तिथे 'युनिव्हर्सिटी 101' हा पहिल्या वर्षासाठीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्याचे अनुकरण देशभर झाले. त्याच्याही आधी, 1935 पासून, डार्टमथ कॉलेजात नव्या मुलांना वर्ग भरण्यापूर्वी डोंगरात नेतात.

आपल्या भागातून अमेरिकेला जाणारी बरीचशी मुले मात्र एम.एस.साठी जातात आणि त्यांच्या वाट्याला हा थाट थोडाच येतो. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाचे एक सत्र, विभागाचे एक, बस. त्यांचे खरे स्वागत अनेक ठिकाणी भारतीय विद्यार्थ्यांची संघटना करते. सीनियर मुले विमानतळावर गाडी घेऊन येतात, स्वतःच्या खोलीत पहिल्या काही रात्री गादी टाकून देतात आणि फोनचे कार्ड कुठे मिळते ते दाखवतात. हे काम ती बिनपैशाने, स्वतःचा अभ्यास सांभाळून करतात. त्याची दखल कुठल्याही माहितीपुस्तिकेत नसते, म्हणून इथे आवर्जून नोंदवतो.

अशा स्वागताची आपल्या मातीतली आठवण फार जुनी आहे. किहीमपासून जवळच्या अलिबागेत गोपाळराव जोशींची पोस्टातली नोकरी होती तेव्हा त्यांच्या पत्नी आनंदीबाई तिथे राहिल्या. 1883 साली वैद्यकी शिकण्यासाठी त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि कधीही प्रत्यक्ष न पाहिलेल्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी त्यांना न्यू जर्सीतल्या आपल्या घरी ठेवून घेतले. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली विद्यार्थिनींसाठी स्वागतसमारंभ करत. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबत इस्लामबुली यांचे आपापल्या देशांच्या पोशाखातले प्रसिद्ध छायाचित्र अशाच समारंभातले, 10 ऑक्टोबर 1885 चे. संस्थेची प्रमुख स्वतः यजमान होते, तेव्हा दूरदेशीच्या मुलीला केवढे बळ मिळत असेल!

आपल्याकडे मात्र कित्येक वर्षे नव्या मुलाच्या वाट्याला रॅगिंग आले. महाराष्ट्राने 1999 साली त्याविरुद्ध कायदा केला: दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. यूजीसीने 2019 मध्ये 'दीक्षारंभ' हा प्रवेशकाळातला कार्यक्रम आखून दिला. कायद्याने सीनियरचा हात धरता येतो. त्याच हाताने नव्या मुलाची बॅग उचलावी, यासाठी अजून पुष्कळ काम बाकी आहे.

आता पालकांच्या प्रश्नाकडे. अमेरिकेला उशिरा पाठवू नका. विद्यापीठाने दिलेल्या आय-20 या प्रवेशपत्रावर छापलेल्या तारखेपर्यंत पोचणे अपेक्षित असते आणि त्याआधी तीस दिवसांपर्यंत देशात प्रवेश मिळतो. उशीर अटळच असेल तर विद्यापीठाकडून आधी लेखी परवानगी घ्या. ब्रिटनमध्ये नोंदणीची शेवटची तारीख विद्यापीठ ठरवते. ती चुकली तर प्रवेशच धोक्यात येतो. त्या तारखेच्या आत पोचूनही फ्रेशर्स वीक हुकला, तर मित्र जोडण्याच्या बाबतीत नुकसान होते. बुजऱ्या मुलाचे अधिक होते, कारण तिथे हजेरी घेऊन शोधणारे कुणी नसते. बारावीनंतर प्रथमच घर सोडणाऱ्या मुलासाठी मला अमेरिकेची पद्धत बरी वाटते. नोकरी करून, एकटे राहून मास्टर्सला निघालेल्याला ब्रिटनची मोकळीक मानवते.

फ्रेशर्स वीक हुकलेल्यांसाठी बऱ्याच युनियन जानेवारीत 'रिफ्रेशर्स' भरवतात. टेबले पुन्हा मांडली जातात, नावे पुन्हा लिहून घेतली जातात. आणि गणपती हुकला असेल तर लंडनमध्ये 1932 पासूनचे महाराष्ट्र मंडळ आहे. मुलाला निघण्यापूर्वीच त्याचा पत्ता लिहून द्या.

(पुढील आठवड्यात : भाड्याची खोली आणि करारपत्र)