शंभराच्या आत

गोल्फ खेळतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "एवढे पैसे कुठून आले रे?" पहिलं सेमिस्टरभर विंगमध्ये मला 'साहेब' म्हणायचे. खरी गोष्ट अशी, की माझा मामा पुण्यातल्या एका गोल्फ कोर्सवर पंचवीस वर्षं कॅडी आहे. खेळणाऱ्याची बॅग उचलायची, झाडीत गेलेला बॉल शोधायचा आणि कुठली स्टिक घ्यायची ते सांगायचं, हे त्याचं काम. सोमवारी कोर्स मेंबरांना बंद असतो, तेव्हा कॅडी लोक खेळतात. मामाच्या ओळखीवर मीही त्यांच्यात घुसतो. आमचं गोल्फ एवढंच.

अठरा होल मिळून चांगल्या खेळाडूला साधारण ७२ फटके पुरावेत असा हिशोब असतो, त्याला पार म्हणतात. मला गेल्या वर्षी ११० लागायचे. कॅडींची आपापसात वर्षातून एक मॅच होते, आणि शंभराच्या आत येणाऱ्यालाच तीत घेतात. मामाचे गुडघे गेलेत. "यंदाची शेवटची," तो म्हणतो. म्हणजे मला त्याच्याबरोबर खेळायचं असेल तर यंदाच. म्हणून हा सगळा उद्योग.

आता इंजिनिअरिंगचा पोरगा सुधारणा करायची म्हटल्यावर आधी काय करतो? सामान घेतो! दिवाळीला मिळालेले पैसे आणि दोन महिन्यांचा चहा-वडापाव वाचवून मी एक सेकंडहँड ड्रायव्हर घेतला. (ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब मारायची स्टिक.) विकणाऱ्याने सांगितलं, "प्रो लोक हाच वापरतात." लॉफ्ट ९ अंश, दांडा कडक. घेण्याआधी मी गणितही केलं होतं. नियमाप्रमाणे स्टिकच्या तोंडाचा रेस्टिट्यूशनचा गुणांक ०.८३ पर्यंतच चालतो. डोकं साधारण २०० ग्रॅमचं, बॉल जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा. पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समधलं टक्करीचं सूत्र लावा: १.८३ भागिले १.२३, म्हणजे जवळजवळ दीडपट. डोक्याचा वेग ताशी १४५ किलोमीटर असेल तर बॉल २१५ ने सुटणार. वा!

प्रत्यक्षात बॉल सत्तर-ऐंशी पावलांवर नाक घासत पडायचा. माझी चूक कुठे होती ते समजायला वेळ लागला, कारण पुस्तकातला प्रोजेक्टाइल हवेशिवायचा असतो. तिथे ४५ अंश सर्वांत चांगले. गोल्फच्या बॉलवर मात्र हवा मोठं काम करते. पी. जी. टेट नावाच्या एडिंबरोच्या प्राध्यापकांनी १८९० च्या दशकातच दाखवून दिलं होतं, की बॉल उलटा फिरत, म्हणजे बॅकस्पिन घेऊन गेला, की हवा त्याला वर उचलते. (त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ साली ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकला. घरात असा बाप असेल तर!) बॉलवरचे तीन-चारशे खळगे शोभेचे नाहीत. त्यांच्यामुळे बॉलला चिकटून वाहणारी हवा उशिरा सुटते आणि मागचा ओढ कमी होतो. अगदी गुळगुळीत बॉल साधारण निम्म्या अंतरावरच पडेल. ही अक्कल आली ती मात्र खेळणाऱ्यांकडून. १८४८ च्या सुमारास गटापर्च्याचे गुळगुळीत बॉल आले, आणि मारून मारून ओरखडे पडलेला जुना बॉल नव्यापेक्षा बरा उडतो हे लोकांच्या लक्षात आलं.

तर मुद्दा असा, की हवेने उचलायला वेग लागतो. ज्याचा वेग कमी, त्याने स्टिकचा कोन जास्त घ्यायला हवा. माझ्यासारख्याला १२ अंश किंवा त्याहून जास्तच बरा. मी घेतला ९ चा. मामाने ड्रायव्हर हातात धरून फिरवून बघितला आणि म्हणाला, "भाचेबुवा, हत्यार चांगलंय. पण तुझं नाही." तो ड्रायव्हर आता कपाटामागे असतो. बाथरूमच्या ड्रेनेजमध्ये काही अडकलं तर विंगवाले हक्काने मागून नेतात.

मग मामाने वही धरायला लावली. प्रत्येक होलवर किती फटके ते नाही, तर प्रत्येक फटका कुठे वाया गेला ते लिहायचं. इथे आमचा वाद झाला. मामाचा देव चौरसिया. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या माळ्याचा हा मुलगा. फार लांब मारत नसे, पण ग्रीनच्या आसपासच्या करामतीवर २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. त्याच्या आधी अली शेर, दिल्लीचा कॅडी, १९९१ साली हीच स्पर्धा जिंकला होता. म्हणून मामा म्हणतो, छोटे फटके शिक. मी म्हटलं, मामा, मार्क ब्रॉडी नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने लाखो फटक्यांचा हिशोब मांडलाय, त्याचं पुस्तक २०१४ साली आलंय. त्यात निघालं, की चांगला आणि सामान्य खेळाडू यांच्यातला सुमारे दोन तृतीयांश फरक लांबच्या फटक्यांतच पडतो.

वहीने दोघांनाही गप्प केलं. पाच राउंडचा हिशोब बघितला तर माझे सर्वांत जास्त फटके गेले होते हरवलेल्या बॉलमध्ये. बॉल हरवला की दंडाचा एक, आणि परत पहिल्या जागेवरून मारायचं, म्हणजे घोर नुकसान. एका राउंडला सरासरी चार वेळा! आणि हरवण्याचं कारण ताकद नाही, दिशा. स्टिक आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग. तेवढ्यात तोंड जिकडे असेल, बॉल बहुतांश तिकडेच सुटतो. पूर्वी पुस्तकांत लिहीत, की स्विंगच्या मार्गावर सुरुवातीची दिशा ठरते. रडारने मोजायला लागल्यावर ते उलटं निघालं. मार्ग आणि तोंड यांत फरक असेल तर बॉल वळतो, पण सुटतो तोंडाच्या दिशेने. पाच अंश चुकलं की दोनशे यार्डांवर साडेसतरा यार्ड बाहेर, आणि वळण वेगळंच. म्हणून मी आता स्विंगचा विचारच कमी करतो. पकड नीट, तोंड सरळ, आणि अवघड होलवर सरळ सात नंबरची आयर्न. अंतर कमी पडतं, पण बॉल सापडतो.

पटिंगचा सराव हॉस्टेलवर होतो. रात्री अकरानंतर कॉरिडॉर, टाइल्सवर सतरंजी आणि मेसचा स्टीलचा पेला आडवा. खऱ्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर, पेला त्याहून लहान, त्यामुळे सोमवारी होल बादलीएवढं वाटतं. आमच्या कॉरिडॉरला बाथरूमच्या दिशेने उतार आहे, हे चार वर्षांत फक्त मला आणि फिनेलवाल्या मावशींनाच माहीत! आठ फुटांवरून नामांकित व्यावसायिकांचेही निम्मेच पट आत जातात, हे कळल्यापासून मी स्वतःला शिव्या देणं सोडलंय.

ग्रीन किती पळतं हे मोजायला स्टिम्पमीटर असतो. व्ही आकाराची पट्टी, सुमारे २० अंशाला उचलली की बॉल घसरतो, आणि किती फूट गेला ते मोजायचं. वर्कशॉपच्या सरांनी भंगारातला ॲल्युमिनियमचा अँगल कापून दिला (सर, थँक्यू, पण तो प्रोजेक्टसाठी नव्हता हे आता सांगतो). प्रमाणित नाही, पण तुलनेला चालतो. खऱ्या पट्टीवरून बॉल सेकंदाला १.८३ मीटरने सुटतो. आठ फूट गेला तर घर्षणाचा गुणांक सुमारे ०.०७, दहा फूट गेला तर ०.०५६. मी मोजून सांगितलं, "सकाळपेक्षा संध्याकाळी हळू आहे." मामा चप्पल काढून ग्रीनवर उभा राहिला आणि म्हणाला, "हो, वाढलंय गवत. आणि त्या बाजूने मारशील तर अजून हळू." हे गवत म्हणजे आपली हरळीच, बाप्पाच्या दूर्वा, साहेब तिला बर्म्युडा म्हणतो. ग्रीनवर तिची बारीक जात तीन-चार मिलिमीटरवर कापलेली असते. पाती जिकडे कललेली त्याच्या उलट मारलं की बॉल अडतो. हे माझ्या अँगलला नसतं कळलं.

या हरळीला पाणी फार लागतं. माझा रूममेट टँकरच्या गावचा आहे. त्याला हा खेळ पटत नाही, आणि निदान उन्हाळ्यात शुद्ध केलेलं सांडपाणी सोडून दुसरं पाणी वापरू नये हे त्याचं म्हणणं मला मान्य आहे.

परवाच्या सोमवारी १०१ झाले. सतराव्या होलला मोह झाला, लाकडी स्टिक काढली, बॉल झाडीत. मामा काही बोलला नाही, वहीत लिहून घेतलं. मॅचला अजून तीन सोमवार आहेत, त्यातला एक ओरल्समध्ये जाणार.