पिनिसी : सुतार तगला, खलाशी उतरला

इंडोनेशियाच्या दक्षिण सुलावेसीत, बुलुकुंबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ताना बेरू नावाचं गाव आहे. माडांच्या सावलीत, थेट वाळूवर, भरतीच्या रेषेपासून काही पावलांवर तिथे मोठमोठी लाकडी जहाजं आकार घेत असतात. त्यांतली बरीचशी आज मालासाठी बांधली जात नाहीत. त्यांच्या पोटात सिमेंटच्या गोण्या आणि तांदळाची पोती जाणार नसून, वातानुकूलित खोल्या, न्हाणीघरं आणि पाणबुड्यांच्या हवेच्या टाक्या जाणार असतात. आठ-दहा किंवा वीस प्रवाशांना घेऊन ही जहाजं फ्लोरेस बेटावरच्या लाबुआन बाजो बंदरातून निघतात. तीन-चार दिवस कोमोडो, रिंचा, पादार अशा बेटांमध्ये ती फिरतात. पहाटे पादारचा डोंगर, दिवसा कोमोडोची महाकाय घोरपड, दुपारी प्रवाळांवर पोहणं आणि संध्याकाळी कालोंग बेटावरून उठणारे वटवाघळांचे थवे, असा त्यांचा ठरलेला क्रम. या जहाजांना जग पिनिसी म्हणून ओळखतं. पर्यटनाने परंपरेचा बाजार मांडला, असा आरोप त्यांच्यावर नेहमी होतो. मला तो अर्धाच खरा वाटतो. पर्यटकाने पिनिसी बांधणारा सुतार वाचवला, आणि ती हाकणाऱ्या खलाशाला मात्र वाऱ्यावरून खाली उतरवलं. या दोन गोष्टी वेगवेगळ्या तोलल्याशिवाय या व्यवसायाचा न्याय करता येत नाही.

हा भेद माझ्या पदरचा नाही. तिथल्या लोककथेतच तो आहे. बुगी लोकांच्या ‘ला गालिगो’ या महाकाव्याचा नायक सावेरीगाडिंग याचं जहाज फुटलं आणि त्याचे तुकडे किनाऱ्याला लागले, असं लोक सांगतात. फळ्या आरा गावाला लागल्या, म्हणून आराची माणसं जहाज बांधण्यात पटाईत. शिडं आणि दोर बिराला लागले, म्हणून बिराची माणसं जहाज हाकण्यात तरबेज. कथा किती जुनी आहे हा प्रश्न बाजूला ठेवू. कामाची वाटणी खरी होती. एका किनाऱ्यावर दोन विद्या शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि एकीच्या पोटासाठी दुसरी लागत होती.

आधी सुताराची विद्या पाहू. युरोपीय पद्धतीत कणा ठेवून त्यावर बरगड्या उभ्या करतात आणि मग फळ्या मारतात. इथे उलटं. कणा ठेवला की थेट फळ्या चढू लागतात आणि बरगड्या मागून आत बसतात. त्यामुळे जहाजाचा आकार फळ्यांच्या लांबी-वळणातूनच ठरतो, आणि कोणती फळी कुठे, किती वळणाची, हा हिशेब मुख्य कारागिराच्या, म्हणजे ‘पुंगावा’च्या, डोक्यात असतो. कागदावर आराखडा नसतो. फळीच्या कडेला भोकं पाडायची, त्यांत उलिन या अतिकठीण लाकडाचे खुंटे ठोकायचे, आणि वरची फळी त्या खुंट्यांवर दाबून बसवायची. दोन फळ्यांच्या मध्ये एका झाडाच्या सालीचा कागदासारखा पातळ थर घालतात. जहाज पाण्यात उतरलं की लाकूड फुगतं, साल चेपली जाते आणि सांधा घट्ट मिटतो. कणा बसवताना त्याच्या दोन्ही टोकांचे तुकडे विधिपूर्वक कापतात. पुढचा समुद्राला देतात, मागचा जमिनीवर राहतो. एक दर्यावर जाणारा नवरा, दुसरी घरी राहणारी बायको, असा त्याचा अर्थ सांगतात. वाकसाच्या जोडीला आता विजेची करवत आणि विजेचं गिरमिट आलं आहे, पण फळ्यांचा क्रम अजूनही पुंगावाच सांगतो. युनेस्कोने २०१७ साली मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत जे नोंदवलं ते दक्षिण सुलावेसीतली ही बांधणीची कला. तिथल्या गावांतले बहुसंख्य लोक अजून जहाजबांधणी आणि दर्यावर्दी कामांवर पोट भरतात, हेही त्या नोंदीत आहे.

पिनिसी म्हणजे मात्र मूळ अर्थाने शिडांची एक रचना. दोन डोलकाठ्या आणि सात शिडं: नाळेपुढे झेपावलेल्या लांब दांडीवर तीन, डोलकाठ्यांना दोन मोठी आणि त्यांच्या माथ्यावर दोन छोटी. मोठ्या शिडाचा वरचा तिरपा वासा खाली येतच नाही. शीड खिडकीच्या पडद्यासारखं त्या वाशाच्या कडेने सरकवून उघडतात आणि मिटतात. ही रचना काही अनादी काळापासूनची नाही. पाश्चात्त्य जहाजांची शिडं पाहून, त्यांतलं हवं ते उचलून, ती एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या संधीवर सुलावेसीच्या खलाशांनी घडवली. म्हणून आजची पिनिसी ‘अस्सल’ नाही ही तक्रार मला फारशी पटत नाही. या किनाऱ्याची परंपराच मुळी गिऱ्हाइकाप्रमाणे जहाज बदलण्याची आहे. ज्याला माल न्यायचा त्याच्यासाठी पोट मोठं, ज्याला वेग हवा त्याच्यासाठी नाळ निमुळती. प्रवासीही इथे नवे नाहीत. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस डिसेंबर १८५६ मध्ये सुलावेसीच्या मकास्सर बंदरातून एका देशी जहाजाने आरू बेटांकडे निघाला. बांबू आणि झावळ्यांच्या इवल्याशा खोपीत काढलेल्या त्या दिवसांइतका सुखाचा सागरप्रवास आपण दुसरा केला नाही, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. रंग, डांबर, तेल यांचा वास नव्हता, याचंच त्याला मोठं अप्रूप होतं.

शिडांची ही दुनिया मोडली ती पर्यटकाने नाही. १९७० च्या दशकात इंडोनेशियाच्या मालवाहू जहाजांवर डिझेल इंजिनं चढू लागली आणि पुढच्या दोन दशकांत केवळ वाऱ्यावर चालणारी पिनिसी व्यापारातून जवळजवळ नाहीशी झाली. १९८६ मध्ये ‘पिनिसी नुसांतारा’ हे जहाज जाकार्ताहून पॅसिफिक ओलांडून व्हँकुव्हरच्या जागतिक प्रदर्शनाला गेलं, त्या वेळी देशात शिडांचे दिवस सरत आले होते. इंजिनामागून पोलादी जहाजं आणि कंटेनर आले, आणि लाकडी मालवाहू जहाजाची मागणीच आटू लागली. जाकार्ताच्या सुंदा केलापा बंदरात लाकडी जहाजांची रांग अजून लागते, पण तिच्या भरवशावर गावंच्या गावं जगवण्याचे दिवस गेले होते. अशा वेळी, १९९० च्या दशकापासून, प्रवाळ पाहायला येणारे हौशी पाणबुडे आणि मग सुट्टीवाले हे नवं गिऱ्हाईक ताना बेरूच्या वाळूवर आलं. त्याला लाकडीच जहाज हवं होतं. तेही मोठं, आणि त्यासाठी पैसे मोजायची त्याची तयारी होती. हातातली विद्या संग्रहालयात ठेवून टिकत नाही. पुढचं जहाज बांधायला मिळालं तरच ती पोराच्या हातात उतरते. आजचा पुंगावा तयार झाला आहे तो या मागणीवर.

खलाशाच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा लागतो. जुना व्यापार वाट्यावर चालत असे. प्रवासाच्या नफ्यात जहाजाचा, तांडेलाचा आणि खलाशांचा ठरलेला हिस्सा असायचा. मकास्सरमधल्या वाजो लोकांचा प्रमुख अमान्ना गप्पा याने १६७६ साली दर्यावरच्या व्यापाराचे कायदे संकलित केले, त्यांत भाडी आणि जहाजावरच्या लोकांचे हक्क बारकाईने ठरवून दिलेले आहेत. अशा व्यवस्थेत वारा ओळखणं म्हणजे रोकड होती. पश्चिमेच्या मोसमी वाऱ्यावर पूर्वेला जायचं, पूर्वेचा वारा सुटला की परत फिरायचं, हे गणित ज्याला जमे त्याच्या घरी पैसा येई. आज खलाशी पगारी नोकर आहे. तो पर्यटकांशी अदबीने बोलतो, जेवण वाढतो, इंजिन सांभाळतो, जोरदार प्रवाहातून छोटी होडी अचूक नेतो. हे काम हलकं नाही. पॅसिफिकचं पाणी हिंदी महासागराकडे ज्या खिंडींतून वाहतं त्यांतल्या काही इथेच आहेत, आणि त्यांतली ओढ भल्याभल्यांची परीक्षा घेते. पण शिडांची विद्या या कामाला लागत नाही. कित्येक जहाजांवर शिडं उघडतात ती फोटोपुरती, अर्धा तास, तेही इंजिन चालू ठेवून. काहींवर शिडं बांधलेलीच राहतात.

याला इंजिन जबाबदार आहे असं सहज म्हटलं जातं. माझ्या मते खरं कारण वेळापत्रक आहे. तीन दिवस, दोन रात्री, चौथ्या दिवशी बालीचं विमान. अशा सहलीत वाऱ्याला जागाच उरत नाही. गंमत अशी की मोठा ऋतुक्रम या जहाजांनी अजून सोडलेला नाही. कोरड्या महिन्यांत कोमोडोला फिरणारी बरीच जहाजं ऑक्टोबरच्या सुमारास हजार-दीड हजार किलोमीटर ईशान्येला, राजा आम्पातच्या बेटांकडे जातात आणि एप्रिलच्या आसपास परततात. पश्चिमेचा वारा सुटला की पूर्वेला आणि तो पडला की माघारी, ही जुन्या व्यापाऱ्यांचीच फेरी आहे. वर्षाचा ताल शाबूत राहिला आणि दिवसाचा गेला.

जहाजांची आणि शिडांची अशी बाजू घेतली की दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला सुरक्षेचा. लाबुआन बाजोच्या पाण्यात पर्यटकांच्या लाकडी बोटी बुडून माणसं दगावल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांतही घडल्या आहेत. मग शिडांची हौस कशाला, असं कुणी म्हणेल. पण या जहाजांचा मोठा धोका शिडांत नाही, त्यांच्यावर चढवलेल्या मजल्यांत आहे. मालवाहू जहाजात वजन तळाशी असे आणि त्यानेच ते स्थिर राही. सुट्टीच्या जहाजात पोट हलकं आणि वर दोन-तीन मजले, गच्ची, आरामखुर्च्या. तळाला पुरेसं भरताड नसेल आणि मजले हिशेबाबाहेर चढवले असतील, तर आडव्या लाटेत जहाज कलतं ते सावरत नाही. जो तांडेल शिडांवर वाढला त्याच्या अंगात हे कलणं मुरलेलं असतं. बंदर अधिकाऱ्याने खराब हवेत परवानगी नाकारली तर तो निर्णय निमूट पाळायची सवयही त्याच परंपरेतली. आपल्या कोळ्यांना ती सांगावी लागत नाही. नारळी पौर्णिमेआधी दर्यात जाऊ नये हे त्यांना कुणी कायद्याने शिकवलेलं नव्हतं.

दुसरा आक्षेप लाकडाचा, आणि इथे सुताराचा कैवार घेणाऱ्यालाही मान खाली घालावी लागते. उलिनचं झाड अतिशय सावकाश वाढतं, त्याचं लाकूड पाण्यात बुडण्याइतकं जड असतं, आणि आज ते धोक्यातल्या वृक्षांच्या यादीत आहे. पूर्वी गावाजवळच्या रानात मिळणारं लाकूड आता दूरच्या बेटांवरून आणावं लागतं. जहाज जितकं मोठं तितकं जंगल जास्त. म्हणून पन्नास मीटरच्या चकचकीत पिनिसींपेक्षा वीस-पंचवीस मीटरची, मोजक्या खोल्यांची, जास्त वर्षं चालणारी आणि नियमित दुरुस्तीला किनाऱ्यावर येणारी जहाजं मला जास्त योग्य वाटतात. दुरुस्तीनेही सुताराचं पोट भरतंच.

खलाशाचं काय करता येईल, याचं उत्तर तुर्कस्तानात आहे. बोद्रुमची गुलेट जहाजं हीही स्पंजवाल्यांच्या आणि मालवाहू बोटींतून उगवलेली लाकडी सहलीची जहाजं. तिथेही डोलकाठ्या शोभेच्या झाल्या होत्या. १९८९ पासून तिथे ‘बोद्रुम कप’ ही शर्यत भरते. प्रवासी जहाजावरच असतात आणि जहाजं खरोखर शिडांवर धावतात. शर्यतीत उतरायचं म्हणून मालकांनी शिडं सुधारली, खलाशी सरावले. गिऱ्हाइकाने मागितलं की विद्या परत येते, याचा तो चालता पुरावा आहे. उलट, एकदा ती पुरती तुटली की काय होतं हे आपल्याकडे नुकतंच दिसलं. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावर बेतलेलं, फळ्या दोराने शिवलेलं ‘कौंडिण्य’ हे जहाज गोव्यात बांधलं गेलं आणि मे २०२५ मध्ये नौदलात आलं. ते शिवणारे कारागीर केरळात अजून सापडले. हाकायचं कसं, हे मात्र नौदलाच्या खलाशांना नव्याने शिकावं लागलं, आणि मगच डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून मस्कतला निघालं. कोकणात मंगलोरी कौलं, मीठ, नारळ वाहणारे मचवे आणि फत्तेमाऱ्या गेल्या, तेव्हा अशी मागणी करणारं गिऱ्हाईक आपल्या किनाऱ्याला लाभलं नाही.

बालीला जाणाऱ्या परदेशी पर्यटकांत भारतीयांचा क्रमांक आता फार वर असतो, आणि तिथून लाबुआन बाजो विमानाने तासा-सव्वातासावर आहे. मराठी घरांतूनही या सहली आखल्या जातात. तेव्हा आरक्षणाआधी खोलीच्या खिडकीबरोबर आणखी चार गोष्टी विचारा. जहाज कुठे आणि कधी बांधलं, शेवटची दुरुस्ती कधी झाली, प्रत्येकाला पुरतील इतकी जीवरक्षक जाकिटं आणि तराफे आहेत का, आणि वारा असेल तेव्हा इंजिन बंद करून शिडांवर नेणार का. शेवटच्या प्रश्नाला हो म्हणणारी जहाजं थोडी आहेत, पण आहेत. तीन दिवसांऐवजी पाच-सहा दिवस काढा आणि त्यांच्याकडेच जा.