कोण कोणासोबत पोहतो?

डॉल्फिन, ओर्का, पॉरपॉइज यांच्या नात्यागोत्यांचा अभ्यास एका साध्या प्रश्नापाशी अडतो: समोर दिसला तो प्राणी नेमका कोणता? हे सस्तन प्राणी श्वासापुरते वर येतात आणि सगळा संसार पाण्याखाली करतात. १९७० च्या दशकापासून या कामात छायाचित्रे उपयोगी पडू लागली. मारामारीत किंवा शार्कच्या चाव्याने पाठीवरच्या पराची मागची कड फाटते. प्रत्येकाच्या खाचा निराळ्या असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर संशोधक मायकेल बिग यांनी पर आणि त्यामागचा करडा डाग पाहून एकेक ओर्का ओळखला. तेव्हा दिसले की तिथल्या मासे खाणाऱ्या ओर्कांत मुलगे आणि मुली दोघेही जन्मभर आईपाशीच राहतात.

ओळख पटली की जोड्या मोजता येतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे १९८० च्या दशकापासून डॉल्फिनचा अभ्यास चालू आहे. तिथे एकमेकांपासून दहा मीटरच्या आत असलेले डॉल्फिन एका गटात धरतात. पहिल्याजवळ दुसरा, दुसऱ्याजवळ तिसरा, अशी साखळीही चालते. समजा दोन नर प्रत्येकी ४० वेळा दिसले आणि त्यांतल्या ३० वेळा एकत्र होते, तर त्यांच्या सहवासाचा निर्देशांक ०.७५ होतो. अर्थात सोबत दिसणे म्हणजे सख्य नव्हे. मासळीचा थवाही चार अनोळखी डॉल्फिनना एका जागी आणतो. म्हणून आकड्यांच्या जोडीला वर्तन पाहावेच लागते. शार्क बेमध्ये दोन-तीन नर मिळून मादीला घेरतात, आणि अशा टोळ्या पुन्हा दुसऱ्या टोळ्यांशी हातमिळवणी करून प्रतिस्पर्ध्यांची मादी पळवतात किंवा स्वतःची राखतात. घट्ट जोडीदार अगदी एका लयीत पाण्याबाहेर येतात.

आवाजानेही बरेच कळते. बॉटलनोज डॉल्फिनची प्रत्येकाची स्वतंत्र शीळ असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पाळीव डॉल्फिननी वीस वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या सोबत्याची शीळही ओळखली.

पॉरपॉइजपुढे मात्र ही साधने लंगडी पडतात. हार्बर पॉरपॉइज जेमतेम दीड मीटर लांब, बुजरा, आणि शीळ न घालणारा. त्याचे टिकटिक आवाज सुमारे १३० किलोहर्ट्झचे, म्हणजे माणसाच्या कानाच्या मर्यादेच्या सहा पटींहून वरचे. तो एकलकोंडा, हा शिक्का त्याच्यावर बसला तो बराचसा यामुळेच. डेन्मार्कमध्ये पॉरपॉइजच्या अंगावर ध्वनिमुद्रक चिकटवले, तेव्हा त्यांच्यात आपसांतल्या संवादाचे आवाज सापडले. मायलेकरांची सोबत तर महिनोन्महिने टिकते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातून नाहीसे झालेले पॉरपॉइज काही दशकांनी, २००८ च्या सुमारास परतले. गोल्डन गेट पुलाखालून ते जात असल्याने संशोधकांना बोटीची गरज उरली नाही. साठ मीटरहून उंचावरून प्राणी अंगासकट दिसतो, नुसता पर नव्हे. तिथल्या छायाचित्रांत एक विलक्षण गोष्ट आढळली: नर मादीकडे भरधाव येतो तो जवळजवळ नेहमी तिच्या डाव्या बाजूने, आणि कित्येकदा पाण्याबाहेर उसळी घेत. एरवी लाजाळू म्हणून ओळखला जाणारा हा प्राणी समागमाच्या वेळी मुळीच लाजत नाही.

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर ओळखायला सोपा आणि अवघड असे दोन्ही प्राणी शेजारी शेजारी आहेत. तिथल्या मदार असलेल्या डॉल्फिनच्या पराचे छायाचित्र घेऊन ओळख पटवता येते. त्याच पाण्यातल्या फिनलेस पॉरपॉइजला तो परच नसतो. पाठीवर बारीक पुटकुळ्यांची एक ठेंगणी रेघ, एवढेच. गट किती जणांचा हे बोटीवरून मोजता येते. कोणाचे कोणाशी रक्ताचे नाते, हे जाळ्यात मेलेल्या प्राण्यांच्या डीएनएवरून कळू शकते. पण जिवंतपणी त्यांतले कोण कोणासोबत हिंडत होते, हे डीएनए सांगत नाही. त्यासाठी ड्रोन आणि पाण्याखालचे ध्वनिग्राहक यांचाच आधार घ्यावा लागतो.