एका चाकाचा आवाज

कोल्हापूरच्या उद्यमनगरात सकाळचे साडेनऊ वाजलेत. शेजारच्या लेथवर दिवसाचा पहिला जॉब चढलाय, समोर चहाची किटली फिरतेय. गॅरेजवाले आप्पा माझ्या गाडीचं बॉनेट उघडत नाहीत. पान्ह्यालाही हात लावत नाहीत. डावं दार उघडून आत बसतात, काच पार खाली करतात आणि म्हणतात, "चला, ऐकवा."

गाडी वडिलांची. १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी, हँडललाच गिअर असलेली. चार महिने झाले, पुढून टक्‌ टक्‌ येतंय. आधीच्या गॅरेजात पुढचे दोन्ही शॉकअप बदलून झाले, बिल झालं, आवाज जिथल्या तिथं. तिथं एकानंही गाडीत बसून तो आवाज ऐकला नव्हता, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गल्लीच्या टोकाला स्पीड ब्रेकर आहे. मी हळू करतो. दोन्ही चाकं एकदम चढतात, एकदम उतरतात. काही नाही. आप्पा काही बोलत नाहीत. पुढे गटाराच्या फरशीची कड रस्त्यावर बोटभर वर आलीय. तिच्यावरून फक्त डावं चाक जातं. टक्‌.

"परत."

मी गाडी मागे घेतो. टक्‌.

"आता ब्रेकवर हलका पाय ठेवून जावा."

टक्‌ तसंच. ब्रेकशूचा खुळखुळाट असता तर पाय ठेवल्यावर तो दबला असता, असं आप्पा सांगतात. मग स्पीड ब्रेकरवरून तिरकं जायला लावतात, एक चाक आधी, दुसरं मागून. टक्‌, टक्‌. आप्पा मान हलवतात. "दोन्ही चाकं सोबत गेली की गप्प, एकटं गेलं की बोलतंय. चला माघारी."

गॅरेजात आल्यावर मी माझी शंका मांडतो. किंगपिन गेली असणार. ज्याला ज्याला विचारलं त्यानं हेच सांगितलं होतं. मूळ गाडी म्हणजे फियाटची ११००, इटलीत १९५३ साली आलेली. आजच्या गाड्यांत चाक बॉल जॉइंटवर वळतं, हिच्यात ते किंगपिनभोवती वळतं. ग्रीस वेळेवर गेलं नाही की पिन आणि बुश एकमेकांना खातात. मग जुने बुश ठोकून काढायचे, नवे दाबून बसवायचे, पिनेच्या मापाला रीमर मारायचा. दोन दिवसांचं काम आहे, आणि ते ऐकूनच मी इतके दिवस टाळत आलोय.

आप्पा "नाही" म्हणत नाहीत. खालच्या आर्मला जॅक लावतात, चाक उचलतात, गाडीखाली घोडी सरकवतात. चाकाला वरून आणि खालून धरून हलवतात. माझा हात धरून तिथं ठेवतात. लागतोय, थोडासा प्ले आहे. माझा चेहरा पडतो.

"ए पोरा, ब्रेक दाब."

पोरगा आत बसून पेडल दाबतो. आप्पा चाक पुन्हा हलवतात. आता ते भिंतीसारखं घट्ट आहे. ड्रम आणि शू एकमेकांना धरून बसले की बेअरिंगची ढिलाई झाकली जाते, किंगपिनची झाकली जात नाही. म्हणजे पिन ठीक, बेअरिंगचा नट थोडा सैल. पाच मिनिटांत तो आवळून, किंचित मागे घेऊन, नवी कॉटर पिन घालून होतो. दोन दिवसांचं काम एका पायाच्या दाबानं टळलं! मी आप्पांकडे बघत राहतो. ते चाक खाली सोडण्यात गुंतलेत.

"टक्‌टक्‌ ह्याची नव्हं पण," ते म्हणतात.

गाडी पिटवर येते. चारी चाकं जमिनीवर, गाडीचं वजन गाडीवरच. पोरगा डाव्या मडगार्डवर झोके देतो. आप्पा खाली उतरून एकेका सांध्यावर हात ठेवतात. वरचा आर्म, खालचा आर्म, शॉकअपचं टोक. डोळे मिटलेले. आवाज पत्र्यातून कुठंही फिरतो, कान फसतो; हाताला मात्र ठोका जिथल्या तिथं कळतो. मीही खाली उतरलोय, टॉर्च धरून.

हात थांबतो. "हितं बघा."

गाडीचं पोट वर्षानुवर्षांच्या चिखलानं आणि तेलानं काळं झालंय. त्या काळ्यात एकच जागा रुपयाएवढी चकचकीत आहे. लोखंड लोखंडाला घासून घासून उजळलंय. डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा जो आडवा पोलादी दांडा असतो, ज्याला गॅरेजात स्टॅबिलायझर म्हणतात, त्याच्या डाव्या टोकाची ही जागा. गाडी एका अंगाला कलू लागली की हा दांडा ओल्या धोतरासारखा पिळला जातो आणि कलणं आवरतो. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर त्याला पीळ बसत नाही. एकच चाक चढलं की बसतो, आणि टोकाशी ढिलाई असेल तर ती तेव्हाच बोलते. गटाराच्या फरशीवर आप्पांना हेच ऐकू आलं होतं.

बोल्ट निघतो. रबर हातात घेताच चुरा होतो, फुगलेलं, चिकट.

"ऑइल कोण सोडत होतं?"

मी. वडील दाराच्या बिजागरीला, सायकलीच्या चेनला, कशाच्याही कुरकुरीला दोन थेंब ऑइल सोडत. मी तेच गाडीखाली केलं, दर महिन्याला, मनापासून. ऑइलनं रबर फुगतं आणि कुजतं, हे मला आज कळतंय. आप्पा रागावत नाहीत. "वडलांची सवय," एवढंच म्हणतात आणि डबा उघडतात.

पद्मिनी तयार व्हायची थांबून वीस वर्षं उलटली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तर मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सीही राहिली नाही. टॅक्सी होत्या तोवर असलं रबर कोपऱ्यावर मिळायचं, आप्पा सांगतात. म्हणून त्यांनी डबे भरून ठेवलेत. पहिलं रबर दांड्यावर सैल बसतं, ते बाजूला. दुसरं घट्ट. त्याला ते साबणाचं पाणी लावतात. पट्टीतलं बोल्टचं भोक मात्र लांबट झालंय; पोरगा पट्टी घेऊन शेजारच्या लेथवर पळतो आणि चहा संपायच्या आत भोकात बारीक बुश बसवून परततो. उजव्या बाजूचं रबर वाजत नसतानाही बदललं जातं. दोन्हीकडे सारखं हवं.

नट लगेच पूर्ण आवळत नाहीत. आधी गाडी हातानं दाबून, झोके देऊन, आपल्या वजनावर बसू देतात. चाक लोंबकळत असताना आवळलं तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. मग शेवटचा पान्हा.

आप्पा पुन्हा डाव्या सीटवर. काच खाली. फरशीची कड येते, डावं चाक चढतं, उतरतं. फक्त टायरचा थप्प.

"वळवा. आता उजवं घाला."

मी गाडी वळवून आणतो. उजवं चाक चढतं, उतरतं. आप्पा अजून कान देऊन आहेत. आणखी एकदा जायला लावतात. मग हँडल फिरवत काच वर करतात.