चारचौघांतला इलाज

क्षयरोगावर हमखास गुण देणारे औषध हाती आलेले नव्हते आणि आरोग्यधामात महिनोन्महिने राहण्याचा खर्च गोरगरिबांच्या आवाक्याबाहेरचा होता, अशा काळात, १९०५ साली, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात डॉ. जोसेफ प्रॅट यांनी निर्धन क्षयरोग्यांचा एक वर्ग सुरू केला. विश्रांती, सकस आहार आणि उघड्या हवेतील निद्रा हा त्यांचा इलाज. आणि प्रत्येकाने आपली दिनचर्या व ताप नोंदवहीत लिहून ती दर आठवड्याच्या बैठकीत हजर करावी, हा तेथील शिरस्ता. प्रॅट यांना अभिप्रेत होती ती केवळ शिस्त. परंतु भिन्न वंशांची आणि पंथांची ही माणसे एका समान व्याधीच्या नात्याने परस्परांची स्नेही झाली, हे त्यांच्या ध्यानी आले आणि त्यांनी ते नमूदही करून ठेवले. चारचौघांत बसून मनाच्या दुखण्यावर करायच्या समूहोपचाराचा इतिहास बहुधा या वर्गापासूनच सांगितला जातो.

पुढे दुसऱ्या महायुद्धात मनाने खचलेल्या सैनिकांची संख्या वैद्यांच्या मानाने फार झाली, तेव्हा या पद्धतीला विशेष चालना मिळाली. आणि १९७० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अर्व्हिन यालोम यांनी आपल्या ग्रंथात तिची शास्त्रशुद्ध मांडणी केली. सात-आठ माणसे, एक प्रशिक्षित उपचारक, आठवड्यातून एकदा सुमारे दीड तास, आणि येथील गोष्ट बाहेर न नेण्याची सर्वांनी दिलेली कबुली, एवढाच काय तो सरंजाम.

झाकली मूठ सव्वा लाखाची मानणाऱ्या आपल्या समाजाला घरचे दुःख परक्यांपुढे मांडणे म्हणजे अब्रूचे धिंडवडे वाटावेत, हे स्वाभाविकच आहे. पण ‘हे माझ्याच वाट्याला का?’ असे वर्षानुवर्षे स्वतःशी घोकणाऱ्याला समोरची अनोळखी व्यक्ती नेमकी आपलीच व्यथा सांगताना ऐकू आली, म्हणजे जो दिलासा मिळतो, तो उपचारकाच्या कितीही विद्वत्तापूर्ण विवेचनाने मिळत नाही.

मैत्रीशी या उपचाराचा संबंध मात्र वाटतो तितका सरळ नाही. समजा, पन्नाशीतील एक गृहस्थ प्रत्येकाची समजूत काढतात, प्रत्येकाला सल्ला देतात, आणि आपल्याला मित्र उरले नाहीत अशी खंतही बाळगतात. काही आठवड्यांनी एखादी सदस्या म्हणते, “काका, तुम्ही आम्हांला धीर देता, पण स्वतःचं काहीच सांगत नाही. मग तुमच्याशी बोलायला संकोच वाटतो.” गृहस्थ प्रथम रागावतात, नंतर गप्प होतात, उपचारक तो विषय तेथेच सोडून देत नाही, आणि खरे काम येथून सुरू होते. माणूस बाहेर जसा वागतो तसाच तो कालांतराने गटातही वागू लागतो, हे यालोम यांचे प्रमुख प्रतिपादन. भेद इतकाच की, बाहेरचे लोक मुकाट्याने दूर होतात आणि येथले कारण सांगतात. प्रौढ वयात असे तोंडावर सांगणारे कोण भेटते? नोकरी, संसार आणि बदल्या यांच्या रगाड्यात आपली मैत्री लग्नकार्यांतील भेटींपुरती उरलेली असते.

उपचारकाशिवाय चालणारे स्वमदत गट हा निराळा प्रकार. १९३५ साली अमेरिकेत जन्मलेली ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही मद्यपींची चळवळ त्याचे ठळक उदाहरण. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली स्थापिलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठीही ‘सहचरी’ गट चालविला गेला, ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते. कारण नवरा दारू सोडतो तेव्हा त्याचे कौतुक होते, पण तिने इतकी वर्षे काय सोसले याची विचारपूस करण्यास कोणी येत नाही.

उपचारगटातील सदस्यांनी बाहेर भेटू नये, निदान भेटल्यास ते गटात सांगावे, असा दंडक बहुतेक ठिकाणी असतो. दोघांनी चहाच्या टेबलावर तिसऱ्याविषयी कुजबूज केली की गटातला मोकळेपणा ओसरतो, हे त्याचे कारण. गट सोडू इच्छिणाऱ्यानेही एकाएकी येणे बंद न करता काही बैठकी आधी तसे सर्वांसमक्ष सांगावे, अशी अपेक्षा असते. आणि इतकी वर्षे न भांडता, न बोलता दुरावलेले मित्रच ज्याच्या हिशेबी जमा आहेत, त्याला रीतसर निरोप घेण्याचा हा प्रसंग बहुधा आयुष्यात प्रथमच येतो.